दोनशे शहात्तर जीव

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये २७:२७-४४, फिलेमोन ८-१९



पौलाला रोमकडे नेणारे तारू मिलिता बेटापाशी फुटले, ही कथा आपण रविवारच्या शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. देवदूताचे आश्वासन, पौलाचे धैर्य, सर्वांचे सुखरूप किनाऱ्याला लागणे, यांवर आपण पुष्कळ उपदेशही ऐकले आहेत. मात्र या अध्यायात एक आकडा आहे आणि त्याच्यापाशी आपण सहसा थांबत नाही. सदतिसाव्या वचनात लूक सांगतो की, तारवावर एकंदर दोनशे शहात्तर जण होते. हा आकडा तो कोणत्या वेळी सांगतो, हे लक्षात घ्यावे. बंदर सोडताना तो माणसे मोजत नाही. वादळाची चौदावी रात्र सरत आली असता पौल सर्वांदेखत भाकर घेतो, देवाचे उपकार मानतो, ती मोडतो व खाऊ लागतो. त्याला पाहून इतरांनाही धीर येतो, तेही अन्न घेतात; आणि येथे लूक माणसांची मोजदाद करतो. या मोजणीत शताधिपती युल्य आहे, तारवाचा मालक आहे, शिपाई आहेत, खलाशी आहेत आणि बेड्यांत जखडलेले कैदीही आहेत. लूकाने त्यांचे निरनिराळे रकाने पाडले नाहीत.

हा आकडा कमी करण्याचे दोन प्रयत्न त्याच काही तासांत झाले. खलाशांनी नाळेवरून नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी खाली सोडली; त्यांना स्वतःचा जीव घेऊन निसटायचे होते व बाकीच्यांना समुद्राच्या स्वाधीन करायचे होते. पुढे तारू रुतल्यावर शिपायांनी कैद्यांना ठार मारण्याचा विचार केला, कारण एखादा पोहून पळाला असता तर जाब त्यांना द्यावा लागला असता. पहिल्या वेळी पौलाच्या शब्दावरून होडीचे दोर कापले गेले, दुसऱ्या वेळी शताधिपतीने हात आडवा घातला. म्हणून दोनशे शहात्तर हा आकडा किनाऱ्यावरही दोनशे शहात्तरच राहिला.

संकटकाळी जहाजावरील कोणाला मोजायचे आणि कोणाला मोजायचे नाही, हा प्रश्न पौलाबरोबर संपला नाही. पुढे ज्या राष्ट्रांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवले त्यांची जहाजे जगभर फिरू लागली तेव्हा तो फार विक्राळ रूपाने उभा राहिला. त्या राष्ट्रांच्या कादंबरीकारांनी तो कधी जाणून, कधी नकळत लिहून ठेवला आहे. मंडळीने जे पापकबुलीच्या प्रार्थनेत म्हणायला हवे होते, ते पुष्कळदा गोष्टींच्या पुस्तकांत नोंदले गेले. आज अशा काही पुस्तकांसमोर आपण थोडा वेळ बसावे, अशी माझी विनंती आहे.

यांतले पहिले पुस्तक आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी संक्षिप्त रूपात वाचलेले असेल. डॅनियल डीफोचे 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ साली लंडनला प्रसिद्ध झाले. एकाकी बेट, बकऱ्यांची कातडी, पोपट, वाळूतले ते एकच पाऊल, हे सर्व आठवते. मी ते दहा-अकरा वर्षांचा असताना वाचले आणि कित्येक दिवस मी क्रूसो होतो. अंगणातल्या चिंचेखाली माझे बेट होते. आपण फ्रायडे व्हावे, असे मला एकदाही वाटले नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण पुढे येईल.

बेटाच्या आधीचा भाग आपण विसरतो. क्रूसो तरुणपणी समुद्रावर पकडला जातो आणि मोरोक्कोतल्या साले बंदरात एका मूर माणसाचा गुलाम होतो. दोन वर्षांच्या गुलामीनंतर तो मासेमारीच्या होडीतून पळून जातो. त्याच्याबरोबर झुरी नावाचा एक मुलगा असतो. होडी आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जात असता पिण्याचे पाणी संपते आणि किनाऱ्यावर उतरणे धोक्याचे असते. तेव्हा हा मुलगा म्हणतो की, मी जातो. रानटी माणसे आली तर ती मला खातील, तुम्ही निघून जा. प्रभूने योहानाच्या पंधराव्या अध्यायात ज्या प्रीतीला सर्वांत थोर म्हटले, ती प्रीती या पुस्तकात पहिल्यांदा दिसते ती या मुलाच्या तोंडी. तो तेव्हा ख्रिस्ती नाही.

पुढे एक पोर्तुगीज जहाज या दोघांना उचलून घेते. कप्तान दयाळू आहे. तो क्रूसोकडून प्रवासाचे पैसे घेत नाही. होडी मात्र तो ऐंशी रौप्यनाण्यांना विकत घेतो. मग तो झुरीलाही विकत मागतो. क्रूसो थोडा घुटमळतो. ज्याच्या साह्याने आपण स्वातंत्र्य मिळवले त्याचेच स्वातंत्र्य विकावे, हे त्याच्या जिवावर येते. तेव्हा कप्तान तोड काढतो : हा मुलगा ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी त्याला मोकळे करू. क्रूसोचे समाधान होते. साठ नाण्यांत व्यवहार ठरतो.

होडी ऐंशीला आणि मुलगा साठाला! यहूदाने घेतले त्याच्या हे दुप्पट, असे म्हणून कोणाला समाधान मानायचे असेल तर मानावे. या सौद्यात सर्वांत भयंकर आहे ती दहा वर्षांची अट. ज्या नावाने बंदिवानांची सुटका व्हायची, ते नाव येथे विक्रीच्या कागदावर शिक्क्यासारखे मारले गेले आहे. सुवार्ता येथे मनाची टोचणी बोथट करण्याच्या कामी आली आहे.

पुढे ब्राझीलमध्ये मळा लावल्यावर क्रूसोला झुरीची पुन्हा आठवण होते आणि त्याला देऊन टाकण्यात आपली चूक झाली, असे त्याला वाटते. वाचकाला क्षणभर बरे वाटते. पण चूक कोणती? मळ्यावर हात कमी पडत आहेत, ही! आणि ज्या सफरीत त्याचे जहाज फुटते व तो बेटावर एकटा पडतो, ती सफर गिनीच्या किनाऱ्यावरून मळ्यांसाठी हबशी गुलाम आणण्याची असते. ही गोष्ट लहान मुलांच्या आवृत्त्यांतून बहुधा गाळलेली असते. मलाही ती मोठेपणी कळली.

बेटावर क्रूसोला पश्चात्ताप होतो आणि तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. आजारपणात तो पवित्र शास्त्र उघडतो, पन्नासाव्या स्तोत्रातील संकटसमयी धावा करण्याविषयीचे वचन त्याच्या नजरेस पडते आणि तो गुडघे टेकतो. त्याने आपल्या स्थितीचा जमाखर्चही मांडलेला असतो. एका बाजूला वाईट, दुसऱ्या बाजूला चांगले, अगदी वाण्याच्या वहीसारखा. बापाचे न ऐकल्याचे पाप त्याला आठवते, देवाला विसरून जगल्याचे पाप आठवते. झुरी त्या वहीत कोठेही नाही. ज्या कामासाठी जहाज निघाले होते, तेही नाही. अठ्ठावीस वर्षे तो शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, उपकार मानतो, आणि हे पान कोरेच राहते.

वाचकहो, खोटा भक्त ओळखणे सोपे असते. येथे खरा भक्त आपल्यासमोर आहे आणि त्याला हे दिसत नाही.

मग फ्रायडे येतो. क्रूसो त्याचे प्राण वाचवतो. त्याचे स्वतःचे नाव काय, हे तो विचारीत नाही. ज्या वारी तो सापडला त्या वाराचे नाव त्याला देतो, आणि मला 'धनी' म्हणायचे, हे पहिल्याच धड्यांत शिकवतो. पुढे त्याला तो देवाविषयी शिकवतो. एकदा फ्रायडे त्याला विचारतो की, देव सैतानापेक्षा बलवान आहे, तर तो सैतानाला मारून का टाकीत नाही? क्रूसो ऐकलेच नाही असे दाखवतो, आणि शेवटी काही तरी काम काढून त्याला दूर पाठवतो. पुढे तोच कबूल करतो की, हा माणूस माझ्यापेक्षा चांगला ख्रिस्ती झाला. पण चांगला ख्रिस्ती झाल्यावरही तो नोकरच राहतो. फिलेमोनाच्या पत्रातील सोळाव्या वचनात पौल अनेसिमाविषयी जे मागतो, म्हणजे यापुढे दास म्हणून नको, दासाहून अधिक, प्रिय बंधू म्हणून त्याला जवळ कर, ते या बेटावर घडत नाही. दोघेच जण आणि सारे बेट रिकामे, तरीही एक धनी आणि एक चाकर.

आता कोणी म्हणेल, त्या काळचे लोक तसेच होते; आजची मापे त्यांना लावू नयेत. हा आक्षेप मी मंडळीतल्या सुशिक्षितांच्या तोंडून पुष्कळदा ऐकतो. पण त्या काळी दुसरे माप नव्हते काय? माणसे पळवणाऱ्यांना पौलाने १ तीमथ्य १:१० मध्ये खुनी व लबाड यांच्या पंक्तीला बसवलेच होते. माणूस चोरून विकणाऱ्याला निर्गम २१:१६ मध्ये देहान्ताची शिक्षा आहे. डीफोचे पुस्तक निघाले त्याच्या एकतीस वर्षे आधी, १६८८ साली, अमेरिकेतील जर्मनटाउन येथे काही साध्या क्वेकर लोकांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला होता. दिवा होता. ज्यांना मळे चालवायचे होते त्यांनी त्याच्याकडे पाठ केली.

ही केवळ कादंबरीतली गोष्ट असती तर बरे झाले असते. जॉन न्यूटनचे 'अमेझिंग ग्रेस' आपण सारेच भक्तिभावाने गातो. त्याच्या जीवनाचा कालक्रम मात्र आपण सांगतो त्याहून वेगळा आहे. १७४८ सालच्या मार्च महिन्यात वादळात सापडलेल्या जहाजावर त्याने देवाचा धावा केला आणि त्या दिवसाला तो जन्मभर आपल्या परिवर्तनाचा दिवस मानीत आला. आपण येथे थांबतो. त्यानंतर १७५० ते १७५४ या काळात तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. वर तो आपल्या खलाशांसाठी उपासना चालवी आणि खाली तळात साखळ्यांनी जखडलेली माणसे पडलेली असत. त्याने तो धंदा सोडला तोही प्रकृतीच्या कारणाने. १७६४ साली तो पाळक झाला. त्या धंद्याविरुद्ध त्याने पुस्तिका छापली ती १७८८ साली. समुद्र सोडल्याला तोवर चौतीस वर्षे झाली होती. तिच्यात त्याने स्वतःला लपवले नाही, जे केले ते सांगितले, आणि त्या साक्षीचा उपयोग झाला. १८०७ साली ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला. देवाच्या कृपेने त्याला एका रात्रीत गाठले, हे खरे. पण त्या कृपेला जहाजाच्या तळापर्यंत उतरायला चौतीस वर्षे आणि वर काही लागली. तो काळ कृपेने लावला नाही, त्याने लावला.

हर्मन मेलव्हिल हा अमेरिकन कादंबरीकार स्वतः व्हेल मारणाऱ्या जहाजावर साधा खलाशी म्हणून राबलेला होता. त्याच्या 'मोबी डिक' या १८५१ सालच्या कादंबरीत योनाच्या पुस्तकावरचा एक प्रसिद्ध उपदेश आहे. जहाजाच्या नाळेसारख्या घडवलेल्या व्यासपीठावर दोराच्या शिडीने चढून एक वृद्ध पाळक तो करतो. उपदेशकांना तो फार आवडतो. मला मात्र त्याच्यानंतर थोड्याच पानांनी येणारा एक लहान प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. इश्माएल नावाचा तरुण नोकरी मागायला जातो. या जहाजांवर पगार नसे. नफ्याचा काही भाग मिळे. जहाजाचा एक मालक, म्हातारा बिल्डाद, शास्त्र उघडून बसलेला आहे. या तरुणाला काय द्यावे, असे विचारताच तो पुस्तकातून नजर न काढता सांगतो की, नफ्याचा सातशे सत्त्याहत्तरावा भाग पुरे. आणि त्याच दमात मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील पृथ्वीवर संपत्ती न साठवण्याविषयीचे वचन पुटपुटत राहतो. दुसरा मालक रागावतो, तेव्हा बिल्डाद म्हणतो की, या जहाजात विधवांचे व पोरक्यांचेही भाग आहेत. या मजुराला जास्त दिले तर त्यांच्या तोंडचा घास जाईल. अखेर तीनशेवा भाग ठरतो.

मजुरी ठरवताना ज्याच्या मुखी वचन येते, त्या धन्याला आपण ओळखतो. तो विधवांची नावे सांगतो तेव्हा तर अधिकच ओळखतो.

त्याच जहाजावर पिप नावाचा एक लहान काळा मुलगा आहे, डफ वाजवणारा, भित्रा. त्याला एकदा शिकारीच्या होडीत बसवतात. व्हेलचा धक्का बसताच तो घाबरून उडी मारतो, दोरात अडकतो. त्याला वाचवण्यासाठी दोर कापावा लागतो आणि व्हेल निसटतो. तेव्हा होडीवरचा अधिकारी स्टब त्याला बजावतो की, पुन्हा उडी मारलीस तर थांबणार नाही. अलाबामाच्या बाजारात तुझी जी किंमत येईल तिच्या तीसपट किंमत एका व्हेलची आहे. स्टब दुष्ट नाही. तो हसतमुख, सर्वांना आवडणारा माणूस आहे. त्याने फक्त हिशेब सांगितला. पिप पुन्हा उडी मारतो आणि भर समुद्रात एकटा मागे राहतो. योगायोगाने जहाज त्याला उचलते, पण तोवर त्याची बुद्धी भ्रमलेली असते. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी आहे. सोने, रूपे, मोती, रेशीम, हस्तिदंत, मसाले, द्राक्षारस, तेल, सपीठ, गुरे, मेंढरे, घोडे, रथ अशी ती चालत जाते आणि तिच्या शेवटी माणसांची शरीरे व माणसांचे जीव येतात. बाबेल पडल्यावर दूर उभे राहून रडणाऱ्यांत जहाजांचे तांडेल आणि खलाशीही आहेत. योहानाने ही यादी लिहिली तेव्हा अलाबामा नव्हते. यादी मात्र तीच होती.

मेलव्हिलच्या मरणानंतर, १९२४ साली, त्याची 'बिली बड' ही कथा छापली गेली. 'मानवाचे हक्क' अशा नावाच्या व्यापारी जहाजावरून बिली या तरुण खलाशाला जबरदस्तीने राजाच्या युद्धनौकेवर आणतात, आणि पुढे लष्करी कायद्याने त्याला फाशी होते. फाशीच्या आदल्या रात्री जहाजावरचा पाळक त्याला भेटतो. या मुलाचे अंतःकरण निर्मळ आहे, हे त्याला कळते. तो वाकून त्याच्या गालाचे चुंबन घेतो आणि निघून जातो. शिक्षेविरुद्ध तो अवाक्षर काढीत नाही. शांतीच्या अधिपतीचा सेवक युद्धाच्या पगारावर असला म्हणजे काय होते, हे लेखकाने तेथे स्पष्ट सांगितले आहे. पाळकपदावर असलेल्या आम्हा लोकांनी ते पान वर्षातून एकदा वाचावे.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. जोसेफ कॉनरॅड हा पोलिश खलाशी १८८४ साली मुंबई बंदरात 'नार्सिसस' या जहाजावर चढला आणि त्या सफरीच्या अनुभवावर त्याने १८९७ साली एक कादंबरी लिहिली. ती मुंबईच्या बंदरातच सुरू होते. जेम्स वेट नावाच्या आजारी काळ्या खलाशाची ती कथा. पण तिच्या नावातच त्याच्यासाठी असा हीन शब्द आहे की, तो मी येथे लिहीत नाही. अमेरिकेत ते नाव बदलले गेले. काळ्या माणसाविषयीचे पुस्तक कोण घेईल, अशी प्रकाशकाला भीती वाटली, असे सांगितले जाते. शिवी नको म्हणून बदलले असते तर गोष्ट वेगळी!

याच कॉनरॅडची 'लॉर्ड जिम' १९०० साली आली. 'पाटणा' नावाच्या गंजक्या आगबोटीवर आठशे मुसलमान यात्रेकरू मक्केला निघालेले असतात. रात्री बोट कशावर तरी आदळते, तळात पाणी शिरते. होड्या सातच आहेत. गोरे अधिकारी झोपलेल्या यात्रेकरूंना न उठवता एक होडी सोडतात आणि पळतात. जिमही शेवटी उडी मारतो. प्रेषितांच्या कृत्यांतील तीच होडी, तीच रात्र! फक्त येथे दोर कापायला सांगणारा पौल नाही. बोट बुडत नाही, तिला ओढून एडनला आणतात, आणि सारे उघडकीस येते. चौकशीत दोन मलायी सुकाणूवाल्यांची साक्ष होते. अधिकारी पळाले तरी ते दोघे सुकाणू धरून उभेच होते. त्यांतला म्हातारा सांगतो की, गोरे साहेब मरणाच्या भीतीने जहाज सोडतील, हे माझ्या मनातही आले नाही.

हेही रचलेले नाही. १८८० सालच्या ऑगस्टमध्ये 'जेद्दा' ही आगबोट जवळजवळ एक हजार यात्रेकरूंसह अशीच सोडून दिली गेली. अधिकाऱ्यांनी एडनला जाऊन ती बुडाल्याचे सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या आगबोटीने तिला ओढून एडनला आणले. तिच्यावरचा मुख्य अधिकारी पाळकाचा मुलगा होता. कादंबरीतला जिमही पाळकाचाच मुलगा. त्याच्या बापाविषयी कॉनरॅड एक बोचरी गोष्ट सांगतो : त्याचा धर्म झोपड्यांतल्यांना सदाचरणी ठेवी आणि वाड्यांतल्यांच्या मनःशांतीला धक्का लागू देत नसे. कोकणातल्या, गोव्यातल्या ज्या कुटुंबांतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कमी, अंग टाकायला जागा कमी, आणि भट्टीपुढचा उकाडा तेवढा भरपूर. सारंग, तांडेल, खलाशी हे आपले शब्द त्या इंग्रजी जहाजांवर रूढ झाले. माणसे मात्र वहीत आकड्यांनीच राहिली.

कॉनरॅडने एवढे पाहिले, तरी सारे पाहिले असे नाही. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानात, त्याच्या आफ्रिकेवरील कादंबरीत आफ्रिकन माणूस माणूस म्हणून बोलतच नाही, असा घणाघाती आरोप केला. अचेबे यांचे वडील मिशनचे शिक्षक व सुवार्तिक होते. दुसऱ्याचे दुःख पाहणाराही त्या दुसऱ्याला मुका ठेवू शकतो, हे त्यांनी दाखवले. मला तो आरोप पूर्ण मान्य नाही, पण तो विसरताही येत नाही.

कारण मीही एकाला तसेच मुके ठेवले आहे. आरंभी सांगितले की, लहानपणी मी क्रूसो होतो. माझ्या आजोबांना त्यांच्या गावात नावापुढे 'या' लावून हाक मारीत. बाप्तिस्म्यात मिळालेले नाव मिशनच्या वहीत होते. गावाच्या तोंडी ते कधी आले नाही. घरात ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाई, आणि ती सांगताना वडिलांचा आवाज बदले. अशा घरातला मी. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा जबलपूरला राहत होतो. आईला मदत म्हणून नगर जिल्ह्यातून एक मुलगा आणला होता, माझ्याच वयाचा, आमच्याच मंडळीतला, आमच्यासारख्याच घरातला. आम्ही त्याला 'पोऱ्या' म्हणत असू. तो पाणी भरी, भांडी घाशी, दळण आणी. संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेला तो दाराशी बसे, आम्ही सतरंजीवर. बसू नको असे त्याला कोणी म्हटले नव्हते. सतरंजीवर ये, असेही कोणी म्हटले नव्हते.

मी त्याला क्रूसोची गोष्ट वाचून दाखवीत असे, कारण ऐकणारा कोणी तरी हवा असे. माझ्या पुस्तकात झुरीची विक्री दोन ओळींत उरकली होती. मी पुढे बेटाकडे जाण्याच्या घाईत होतो. त्याने विचारले, "दादा, मग त्या पोराचं काय झालं?" मी म्हणालो, "ते पुस्तकात नाही." मला त्याचा थोडा रागही आला. पुढच्या उन्हाळ्यात तो गावी गेला तो परत आला नाही. त्याचे खरे नाव मला ठाऊक नाही. आई-वडील होते तोवर विचारायचे सुचले नाही, आणि सुचले तेव्हा विचारायला कोणी उरले नव्हते. मंडळीच्या कोणत्या तरी जुन्या वहीत त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद असेल.

फिलेमोनाच्या पत्रात पौल एक गोष्ट करतो, तिच्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. अनेसिमाने तुझे काही बुडवले असेल, काही देणे असेल, तर ते माझ्या खाती मांड, असे तो अठराव्या वचनात सांगतो आणि पुढच्याच वचनात, हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे, असे म्हणतो. पौलाने जमाखर्चाची वही टाकून दिली नाही. त्याने ती मागून घेतली आणि तिच्यात स्वतःचे नाव घातले. क्रूसोची वही आणि ही वही शेजारी ठेवून पाहावी. आपणही आपापल्या घरची वही उघडावी : कोणाच्या मजुरीतून किती कापले, कोणाला कोठे बसवले, कोणाला कोणत्या नावाने हाक मारली.

झुरीचे पुढे काय झाले, हे खरोखरच त्या पुस्तकात नाही. ते विचारण्याची एक संधी मात्र पुस्तकात आहे. पस्तीस वर्षांनी इंग्लंडला परतल्यावर क्रूसो आपल्या मळ्याची चौकशी करायला लिस्बनला जातो. तेथे त्याला तोच पोर्तुगीज कप्तान भेटतो. तो आता म्हातारा झाला आहे, समुद्र सोडून घरी बसला आहे. दोघांना फार आनंद होतो. मळ्याचा हिशेब निघतो, कागदपत्रे निघतात, पैसा निघतो. दोघांच्याही डोळ्यांत पाणी येते. क्रूसो त्या वृद्धाला आयुष्यभराचे वर्षासन बांधून देतो, त्याच्या मुलाचीही सोय करतो. मोठ्या मनाचा माणूस! दहा वर्षांची मुदत संपून दोन तपे होत आली आहेत. ज्याने तो मुलगा विकला आणि ज्याने विकत घेतला, असे दोघे समोरासमोर बसले आहेत, आणि या प्रवासात फ्रायडेही धन्याबरोबर आहे. बोलणे पुष्कळ वेळ चालते. झुरीचे नाव कोणी काढीत नाही.